गावाचे तोंड कोणत्या दिशेला होते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या तालुक्याच्या गावात पडकी गढी, तिच्याखालची जुनी पेठ, बंद पडलेले जिनिंग आणि महामार्गाकडची नवी बाजारपेठ अशी वेगवेगळ्या काळांतील बांधकामे शेजारी शेजारी उभी आहेत. पेठेतील वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. अशा वेळी गावाचा इतिहास लिहायचा झाल्यास कोणती इमारत कोणत्या काळातली हे कसे ओळखावे आणि सुरुवात कोठून करावी? गेली सुमारे तीस वर्षे मी खानदेशातील जुन्या घरांची मोजमापे घेण्याचे, नकाशे करण्याचे आणि शक्य तेथे दुरुस्ती करण्याचे काम करीत आहे. त्या कामातून जे हाती लागले ते येथे सविस्तर लिहितो.

सर्वांत जुनी इमारत कोणती, या प्रश्नापासून सुरुवात करू नये, असे माझे पहिले सांगणे आहे. त्या प्रश्नाला गावात दहा उत्तरे मिळतात आणि दहाही उत्तरांत घराण्यांचा अभिमान गुंतलेला असतो. त्याऐवजी गावाचे तोंड कोणत्या काळी कोणत्या दिशेला होते, म्हणजे परगावचा माणूस, धान्याची गाडी, सरकारी अंमलदार आणि वरात गावात कोणत्या बाजूने शिरत असत, हे आधी शोधावे. खानदेशातील बहुतेक लहान गावांचे तोंड गेल्या दोनशे वर्षांत दोन-तीन वेळा फिरले आहे. प्रत्येक वेळी ज्या बाजूला ते वळले त्या बाजूला नवी बांधकामे झाली आणि ज्या बाजूने ते फिरले ती बाजू परसदार होऊन पडझडीला लागली. हे एकदा नकाशावर मांडले की इमारतींचा क्रम बराचसा आपोआप लागतो.

पहिले तोंड नदीकडे असते. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर यांच्या काठची जुनी गावठाणे पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीच्या वस्तीच्या जागेवर, वसलेली आहेत. काळीत, म्हणजे शेतीच्या काळ्या जमिनीत, घर बांधले की पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंती फाटतात. म्हणून वस्ती नदीकाठच्या उंचवट्यावर आणि शेती काळीत अशी विभागणी फार पूर्वीपासून झाली. पुन्हा पुन्हा त्याच जागी घरे पडत आणि बांधली जात राहिल्याने पांढरीची टेकाडे उंच होत गेली. प्रकाशा आणि बहाळ येथील उत्खननांत अशा टेकाडांखाली ताम्रपाषाण काळापर्यंत मागे जाणारी वस्ती मिळाली आहे. त्यामुळे आपल्या गढीच्या पायथ्याशी मातीत खापरे दिसत असतील तर तेथील माती उचलू देऊ नये. शेतात खत म्हणून आणि धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, टाकायला म्हणून पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली आहे, आणि गावाचा सर्वांत जुना पुरावा त्या गाड्यांतूनच निघून गेला आहे.

गढी, गावकूस आणि वेशी यांचा काळ यानंतरचा. फारुकी राजवटीत (१३८२ ते १६०१) आणि पुढे मोगल अमलात बुऱ्हाणपूर हे या प्रदेशाचे मोठे केंद्र होते, पण लहान गावांत आज जे तटबंदीचे अवशेष दिसतात ते बहुधा अठराव्या शतकातील जहागीरदार, देशमुख आणि इनामदार यांच्या काळातले असतात. पारोळ्याचा भुईकोट १७२७ च्या सुमारास हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने बांधला असे मानले जाते. त्याचे दगडी बुरूज आणि खंदक पाहिले की त्या काळी पेठ आणि किल्ला एकमेकांच्या आधाराने कसे वाढत ते समजते. अमळनेरचा दगडी दरवाजा पाहतानाही हीच गोष्ट ध्यानात ठेवावी. होळकर-शिंद्यांच्या संघर्षात १८०२ पासून खानदेश लुटला गेला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि अनेक गावे ओस पडली. या काळाच्या आधीपासून उभ्या असलेल्या वाड्यांची बाहेरची भिंत म्हणूनच आंधळी असते. खाली खिडकी नाही, दिंडी दरवाजाला आतून भिंतीत सरकणारा अडसर आहे, उजेड आणि वारा फक्त चौकातून येतो आणि धान्य पेवात (जमिनीखालच्या खड्ड्यात) किंवा बळदात (भिंतीतल्या कोठारात) दडवलेले असते. आपल्या गावातील एखाद्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीत तळमजल्यावर खिडक्या असतील, तर त्या मुळातल्या आहेत की पुढे भिंत फोडून बसवल्या आहेत, हे पहिल्यांदा पाहावे. फोडून बसवलेल्या खिडकीच्या बाजूच्या विटा तुटक असतात, चौकटीभोवतीचा चुना वेगळ्या रंगाचा असतो आणि वरची लाकडी पट्टी भिंतीच्या पूर्ण जाडीची नसते.

१८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आल्यानंतर चित्र पालटले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अंमलदाराने धुळे हे मुख्य ठाणे निवडले तेव्हा, १८१९ मध्ये, त्या गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. त्याने सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावले आणि घरे बांधण्यासाठी जागा व उचल दिली. लहान गावांत असा आराखडा कोणी आखून दिला नाही, तरी लुटीची भीती गेल्याचा परिणाम तेथेही झालाच. घराने रस्त्याकडे तोंड केले. ओटा आला, ओट्यावर दुकान आले, दुकानावर माडी आली आणि माडीला रस्त्याच्या बाजूने नक्षीचे कठडे आले. पेठेतील एकाच रांगेत आंधळ्या भिंतीचा वाडा आणि त्याला लागून ओटा-माडीचे दुकानघर दिसले, तर त्या दोहोंच्या मधल्या भिंतीत आपल्या गावाच्या इतिहासातला एक मोठा बदल उभा आहे असे समजावे.

पुढचे वळण रेल्वेचे. मुंबईकडून भुसावळकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या आसपास चाळीसगाव, पाचोरा, जळगाव या गावांवरून गेला आणि एरंडोल, पारोळा, चोपडा यांसारख्या जुन्या पेठा बाजूला राहिल्या. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले आणि खानदेशच्या काळ्या जमिनीत पांढरे सोने पिकू लागले. जळगावचे आजचे मोठेपण या दोन गोष्टींतून उभे राहिले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले तेव्हा पूर्व खानदेशचे मुख्यालय तेथे गेले ते काही जुन्या राजकीय महत्त्वामुळे नव्हे. अमळनेरला ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास आली आणि १९०६ मध्ये प्रताप मिल उभी राहिली. आपल्या गावातील बंद जिनिंग कोणत्या काळातले हे ठरवताना हा संदर्भ धरावा: स्टेशन किंवा स्टेशनकडे जाणारा गाडीरस्ता जेथे होता, त्या बाजूलाच सरकीच्या वखारी, दलालांच्या पेढ्या आणि धर्मशाळा मिळतील. जिनिंगचे आवार तपासताना धुराड्याच्या बुंध्याशी, बाष्पकाच्या झाकणावर आणि बिडाच्या खांबांवर ओतीव अक्षरे असतात. त्यांचे छायाचित्र घ्यावे, कारण भंगारात सर्वांत आधी हीच वस्तू जाते.

शेवटचे तोंड महामार्गाकडचे. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ यांना जोडणारा पूर्वीचा क्रमांक ६ चा आणि आताचा क्रमांक ५३ चा राष्ट्रीय महामार्ग आणि स्वातंत्र्यानंतर आलेली एसटीची स्थानके यांनी पेठेतील गिऱ्हाईक बाहेर ओढले. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. हे सर्व आपण आपल्या डोळ्यांनी पाहत आहात.

आता इमारतीचा काळ ओळखण्याच्या खुणा. माझ्या अनुभवात भिंतीपेक्षा छप्पर अधिक खरे बोलते. भिंत शंभर वर्षे तशीच राहू शकते, छप्पर मात्र दर दोन पिढ्यांनी बदलते आणि बदलताना त्या काळी बाजारात जे साहित्य मिळत होते तेच घेते. खानदेशाचे मूळ छप्पर म्हणजे धाबे. खांब आणि भिंतींवर सागवानी तुळया, तुळयांवर सरे (आडवी लाकडे), सऱ्यांवर किलचन (लाकडाच्या बारीक पट्ट्या), त्यावर तुराट्या किंवा पळाट्यांचा (तुरीच्या किंवा कापसाच्या वाळक्या काड्यांचा) थर, त्यावर चिखल आणि शेवटी खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना असते. खारी मातीच का, याला कारण आहे. या मातीतील क्षारांमुळे ती ओली झाली की तिचे कण सुटे होऊन बारीक छिद्रे बुजवतात आणि पाणी वरच्या वर वाहून जाते. काळी माती वाळताना तडकते, म्हणून ती धाब्याला चालत नाही. मृगाआधी धाब्यावरचे गवत उपटायचे, भेगा बुजवायच्या आणि नव्या मातीचा हात द्यायचा, हा घरोघरचा नेम होता. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात या छपराखाली जो गारवा मिळतो तो आजच्या स्लॅबखाली मिळत नाही. रात्रीची अंथरुणे, पापड-कुरडया, वाळवणे, शेजारणीशी बोलणे हे सारे धाब्यावर होत असल्याने पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरच्या वर जाता येत असे.

काही वर्षांपूर्वी एका वाड्याचे धाबे उतरवताना मी दोन दिवस तेथे बसून राहिलो होतो. कुदळीने सरळ कापलेल्या थराची जाडी जवळजवळ दीड हात भरली. कडेला पाणी शिंपडून पाहिले तेव्हा मातीत मिसळलेल्या काडाच्या बारीक पिवळसर रेषा एकावर एक दिसू लागल्या; दर रेषेमागे एक लिंपण. खालच्या तृतीयांशाच्या वर मात्र बोटभर काळा पट्टा होता, त्यात कोळशाचे कण आणि भाजून लाल झालेले ढेकूळ. घरातील वृद्ध गृहस्थांनी आजोबांच्या तोंडून पेठेला लागलेल्या आगीची हकीकत ऐकलेली होती. खाली उतरून पाहिले तर वाड्याच्या एकाच बाजूचे सरे रंधलेले आणि चौकोनी होते, बाकीचे गोल आणि कुऱ्हाडीने ताशीव होते. आग कोणत्या खणापर्यंत आली आणि नंतर कोठवर दुरुस्ती झाली, हे त्या सऱ्यांनी दाखवून दिले. याच जाडीने पुढे धाब्यांचा घात केला. दरवर्षी माती चढत गेली, जुनी काढली गेली नाही आणि वाळवी लागलेल्या तुळईवर झडीच्या पावसात ओल्या मातीचे ओझे आले की घर खचते. आपल्या गावात कोणी धाब्याच्या घरात राहत असेल तर त्यांना नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवायला सांगावे आणि तुळयांची टोके, विशेषतः भिंतीत शिरलेला भाग, टोचून पाहायला सांगावे.

धाब्यानंतर पेठेत मंगलोरी कौले येतात, आणि ती रेल्वेनंतरच येतात. कौल उलटे करून पाहावे. मागच्या बाजूला कारखान्याचे नाव आणि ठिकाण उठवलेले असते. येथे एक नेहमीची चूक होते. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हे साल आढळते, आणि घरमालक मोठ्या आनंदाने ते घराचे साल म्हणून सांगतात. ते त्या कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे. कौल त्यानंतर कित्येक दशकांनी पाडलेले असू शकते. कौलावरून एवढेच म्हणता येते की हे छप्पर त्याआधीचे नाही. लोखंडी तुळयांचेही तसेच आहे. तुळईच्या पोटावर डॉर्मन लाँग हे इंग्रजी कंपनीचे नाव असेल तर ती विलायतेहून आलेली आहे. टाटांचे नाव असेल तर ती जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागल्यानंतरची, म्हणजे १९१२ नंतरचीच असणार. नालीदार पत्रा फारसे काही सांगत नाही, कारण तो एका छपरावरून दुसऱ्यावर सहज जातो. स्लॅबच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. १९८२ मध्ये सिमेंटवरील सरकारी नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. त्याआधी परवान्याचे सिमेंट मिळवणे हेच एक काम होते, म्हणून त्या वर्षांतील लहान गावांतल्या बांधकामांत भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या आणि स्लॅब फक्त एका खोलीवर असे मिश्रण सापडते. पेठेतील वाडे झपाट्याने पडू लागले ते माझ्या पाहण्यात यानंतरच.

चौकटीवर किंवा पाटीवर कोरलेले साल मिळाले तर ते कोणत्या कालगणनेतले हे ठरवल्याशिवाय लिहू नये. मी एका घरी चौकटीवर १८१२ हा आकडा पाहिला. घरातील मंडळी तो इसवी सन मानून वाडा पेशवाईतला असल्याचे सांगत होती. परंतु गणेशपट्टीची (दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्टीची) नक्षी, माडीचे कठडे आणि रस्त्याकडचा ओटा पेशवाईशी जुळत नव्हते. शके १८१२ म्हणजे इसवी सन १८९०-९१, आणि सर्व खुणा त्या काळाशी नेमक्या जुळल्या. शकात ७८ मिळवावे, विक्रम संवतातून ५६ किंवा ५७ वजा करावे, दक्षिणी फसलीत, म्हणजे जुन्या महसुली वर्षगणनेत, ५९० मिळवावे. मारवाडी आणि गुजराथी व्यापाऱ्यांच्या घरांवर संवत, ब्राह्मण आणि देशमुखांच्या घरांवर बहुधा शके आणि जुन्या महसुली कागदांत फसली आढळते, हा सर्वसाधारण अनुभव आहे, नियम नव्हे.

नक्षीच्या खांबांबाबत मी स्वतः फसलो आहे. काम नवीन असताना एका वाड्याचे खांब पाहून मी तो अठराव्या शतकातला ठरवला आणि तसे लिहूनही दिले. पुढे दुरुस्तीसाठी खांब मोकळे केले तेव्हा त्यांच्या अंगावर अशा उंचीवर साली (जोडासाठी कोरलेल्या खाचा) सापडल्या की त्यांत बसणारी कुसे (निमुळती टोके) असलेली एकही तुळई त्या घरात नव्हती. ते खांब दुसऱ्या कोणत्या तरी मोडलेल्या वाड्यातून आणलेले होते. सातपुड्यातील आणि डांगातील सागवान महाग, म्हणून चांगले लाकूड एका इमारतीतून दुसरीत जाणे ही रीतच होती. आपण दिलेला काळ घराचा आहे की लाकडाचा, हे तेव्हापासून मी वेगळे लिहितो, आणि आपणही तसेच करावे.

कागदांकडे इमारती पाहिल्यानंतर वळावे. आधी वळलो तर कागदात जे लिहिले आहे तेच भिंतीत दिसू लागते. आपल्या गावाला नगर भूमापन झाले असेल तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिका आणि त्याहून महत्त्वाची चौकशी नोंदवही असते; तीत जागा कशी आली, वाटणी केव्हा झाली, सनद कोणाची हे सापडते. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या नोंदवह्यांत घर मातीचे, विटा-चुन्याचे की पक्के असा रकाना असतो. दहा-दहा वर्षांच्या अंतराने तीन वह्या जरी मिळाल्या तरी पेठेची छपरे कशी बदलत गेली याचा तक्ता तयार होतो. १८८० चे खानदेश गॅझेटियर अवश्य वाचावे, त्यात मोठ्या आणि मध्यम गावांची वर्णने आहेत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील जुन्या दप्तरांत देशमुखी-इनामांचे कागद पाहावेत. आणि व्यापारी घराण्यांच्या वह्या. माडी चढवली त्या वर्षीच्या रोजमेळात चुना, विटा, सुताराची मजुरी हे सारे तारखेनिशी लिहिलेले असते, परंतु वाडा विकताना या वह्या रद्दीत जातात, म्हणून त्यांच्यासाठी आधी शब्द टाकून ठेवावा.

इतिहासातील काही महत्त्वाची बांधकामे मुळीच उरत नाहीत, हेही ध्यानात असावे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबूसारख्या स्थानिक साहित्यात टिळकनगर उभे राहिले आणि काही दिवसांत उतरलेही. आपल्या गावातही प्लेगच्या वर्षांत माणसे रानात झोपड्या बांधून राहिली असतील, दुष्काळी कामांवर वस्त्या पडल्या असतील. त्या जागा नकाशावर दाखवाव्यात, खाली एकही वीट नसली तरी.

वाडे का पडतात याचे उत्तर नव्या पिढीच्या बेफिकिरीत शोधणे मला पटत नाही. वाड्याच्या उताऱ्यावर अकरा-बारा वारसांची नावे असतात, त्यांतले दोघे गावात राहतात, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत होत नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या भाडेकरूचे भाडे घरपट्टीलाही पुरत नाही. आणि जुन्या लाकडाचा व्यापारी रोख रक्कम घेऊन दारात उभा असतो. अशा घरमालकाला उपदेश करण्यापेक्षा मोजमापासाठी आठ दिवस मागावेत. बहुतेक जण ते देतात. टेप, ओळंबा, दोन माणसे आणि आलेखाची वही एवढ्यावर प्रत्येक मजल्याचा नकाशा, चौकातून घेतलेला एक छेद आणि रस्त्याकडचे दर्शन होते. खण, म्हणजे दोन खांबांमधील अंतरे, मोजावेत, कारण जुने घर फुटांत बांधलेले नसते. एका खणाची लांबी सर्वत्र सारखी आली आणि एकाच बाजूला चुकली, तर ती बाजू मागाहून जोडलेली आहे.

हे काम आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी सुरू करून आखाजीपर्यंत चालू ठेवावे, असे मी मुद्दाम सुचवतो. त्या सणाला गावच्या लेकी माहेरी येतात, त्यांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्याही असतात. घरातील पुरुषांनी रोज पाहत असल्यामुळे बदल विसरलेले असतात. लेकींच्या मनात मात्र लग्नाआधीचे घर जसेच्या तसे राहिलेले असते. अशाच एका आजींना मी हाताने काढलेला नकाशा दाखवला. त्यांनी पुढच्या दुकानाच्या जागी ढाळज (दारालगतची बसायची जागा) होती असे सांगितले आणि आखाजीचा झोका जेथे बांधत त्या तुळईकडे बोट दाखवले. दुकानाचे प्लायवूडचे छत एका कोपऱ्यात उचकटून पाहिले. तुळईत दोन लोखंडी कड्या तशाच होत्या, दोराने घासून आतल्या बाजूने पातळ झालेल्या.